फॅनी ड्युरॅकचा डायोरामा : पाचव्यांदा ओतलेलं पाणीही गेलं

ऑस्ट्रेलियन जलतरणपटू फॅनी ड्युरॅकच्या ऑलिम्पिक शर्यतीचा छोटा देखावा, म्हणजे डायोरामा, करतेय. त्यातल्या पाण्यासाठी रविवारी रात्री रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक द्रव) ओतलं तेव्हा काचेसारखं नितळ होतं. सकाळी बघते तर वर दुधावर साय धरावी तसा पांढरट, चिकट थर. बोट लावलं की ठसा उमटतोय. रेझिन घट्ट करायला त्यात मिसळलेला हार्डनर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याची ही साय. तीन-तीन मिलिमीटरचे थर दिले, बाजूला दिवा लावून ठेवला, तरी आषाढातल्या हवेपुढे काही चालेना. दुकानदाराने ‘पावसाळ्यातही चालेल’ म्हणून दिलेला हा डबा आहे. मी तरी यापुढे दिवाळीआधी रेझिनला हात लावणार नाही.

आनंदाची गोष्ट म्हणजे आकृत्यांची जागा पक्की झाली. स्केल 1:35, शर्यतीचे शेवटचे 10 मीटर, म्हणजे पाटावर साडेअठ्ठावीस सेंटीमीटर. स्टॉकहोम, 1912, बायकांची पहिली ऑलिम्पिक 100 मीटर फ्रीस्टाइल. फॅनी पहिली, 1 मिनिट 22.2 सेकंद; तिचीच ऑस्ट्रेलियन सोबतीण मिना वायली दुसरी, 1 मिनिट 25.4 सेकंद. ड्युरॅकचा हात भिंतीला लागतो तेव्हा वायली पावणेचार मीटर मागे, पाटावर जवळजवळ 11 सेंटीमीटर. पट्टी धरून मिनाला तिथे ठेवलं तेव्हा तो विजय केवढा मोठा होता ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

मागच्या वेळी घातलेले लेनचे दोरे उपटले. ऑलिम्पिकमध्ये ते 1924 च्या पॅरिसपासून आले.

प्रेक्षक वगळायचा विचार होता, तोही सोडला. दोघींच्या राज्याच्या, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या महिला जलतरण संघटनेचा नियमच होता, पुरुष बघत असतील तिथे बायकांनी शर्यतीत उतरायचं नाही. लोकांनी आवाज उठवला तेव्हा दोघींना ऑलिम्पिकला जायची परवानगी मिळाली, तीही खर्च स्वतः उभा करायच्या अटीवर. मग कठड्यावर टोपीवाले पुरुष हवेतच, निदान बारा.

आणि हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं. तो तलाव म्हणजे खाडीत आखलेली 100 मीटरची जागा, समुद्राचं गडद पाणी. तळ दिसायचाच नाही, मग पारदर्शक रेझिन हवंय कशाला? प्लायवर टिश्यू पेपर फेव्हिकॉलने चुरगाळून चिकटवायचा, काळपट हिरवा रंग, वर ग्लॉस जेलचे (वाळल्यावर चमकणाऱ्या पारदर्शक लेपाचे) चार हात. फॅनीच्या हाताजवळचा फेस कापसाचा. उद्या सकाळी आधी तो चिकट थर खरवडून काढते आणि एका तुकड्यावर करून बघते.