पत्ता बदललेली कबर

आमच्या शेजारच्या आजी आयरिश. आडनावाने हाक मारायची तर जीभ अडखळते, म्हणून माझ्या मुलीने लहानपणी त्यांना सरळ ‘आजी’ म्हणायला सुरुवात केली, आणि बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की आता ख्रिसमसच्या कार्डावरही त्या ‘आजी’ अशीच सही करतात. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक कुंपण आणि एक मेपलचं झाड, बस.

2022 च्या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन गेलो होतो. गप्पांत मी म्हणालो की लेक नेदरलँड्सला, मास्ट्रिख्तला शिकायला गेलीय, एप्रिलमध्ये तिच्याकडे चक्कर आहे. आजींनी हातातली चकली बशीत ठेवली.

“तिथून सहा मैलांवर माझा भाऊ आहे,” त्या म्हणाल्या.

वीस वर्षं शेजारी राहतोय, पण भावाचं नाव कधी निघालं नव्हतं. आणि ‘आहे’ म्हणजे मी आपला विचारात पडलो की तो आता नव्वदीच्या पुढचा असणार. आजी आत गेल्या आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. भाऊ अमेरिकन सैन्यात होता, फेब्रुवारी 1945 मध्ये जर्मनीत रोअर नदीच्या लढाईत गेला होता. विसाव्या वर्षी. आजी तेव्हा दहा वर्षांच्या. नेदरलँड्समधल्या मारग्रातन गावी त्याची कबर आहे आणि घरातलं कोणीही तिथे कधी गेलेलं नाही. आधी पैसे नव्हते, मग मुलंबाळं, मग गुडघे.

त्यांचं मागणं साधं होतं. नाव वाचता येईल असा दगडाचा फोटो. “आणि हात लावून बघ, गार आहे का.” मी हो म्हणालो. निघताना दारात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. सरकारने आईला विचारलं होतं, मुलाला घरी आणायचं का? आईने नको म्हणून कळवलं. “का, ते तिने मला कधी सांगितलं नाही. ती मरेपर्यंत मी तिच्याशी त्यावरून भांडले.”

मला वाटलं होतं, सोपं काम आहे. डब्यात 1946 सालचं लष्कराचं पत्र होतं, त्यात प्लॉट, रांग आणि कबरीचा नंबर टाइप केलेला. मी त्याचा फोटो काढला आणि स्मशानभूमीच्या कार्यालयाला ईमेल टाकला: अमुक प्लॉट, अमुक रांग, तमुक कबर, एप्रिलमध्ये येतोय. उत्तर आलं की असा प्लॉट आमच्याकडे नाही. प्लॉट ए पासून पी पर्यंत, सोळाच. माझ्या पत्रात तर दोन अक्षरांचा प्लॉट होता!

गोम अशी होती. 1944 च्या शरद ऋतूत अमेरिकेच्या नाइन्थ आर्मीने मारग्रातनला जी दफनभूमी सुरू केली ती तात्पुरती. लढाई जवळ, प्रेतं रोज येणार, म्हणून शेतात रांगा आखून पुरायला सुरुवात केली. युद्धानंतर ज्यांच्या घरच्यांनी मागणी केली ते पेट्यांतून अमेरिकेला गेले, आणि उरलेल्यांसाठी सगळी जागा नव्याने मांडली. कबरी उकरून दुसरीकडे हलवल्या, नंबर बदलले. म्हणजे आजींनी पंचाहत्तर वर्षं जपलेला भावाचा पत्ता जुना होता. आपल्याकडे चाळ पाडून टॉवर बांधतात आणि रेशनकार्डावर मात्र जुनीच खोली राहते, तसं.

मग नाव घालून शोधलं. ही सगळी परदेशी स्मशानं सांभाळणारं सरकारी खातं आहे, अमेरिकन बॅटल मॉन्युमेंट्स कमिशन. 1923 साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ते स्थापन केलं आणि पहिल्या महायुद्धातले सेनापती पर्शिंग त्याचे पहिले अध्यक्ष. परदेशात अशी 26 स्मशानं त्यांच्याकडे आहेत आणि वेबसाइटवर कोणालाही नाव शोधता येतं. पण आयरिश नावं म्हणजे आपल्याकडचे सुरेश पाटील. त्याच नावाचे एकापेक्षा जास्त निघाले. लष्करी नंबर लागणार होता. तो शेवटी डब्यातच सापडला. भावाने पाठवलेलं शेवटचं पत्र, तळहाताएवढं, युद्धकाळात मायक्रोफिल्म करून पाठवायचे तसलं. त्यावर पाठवणाऱ्याच्या नावापुढे आठ आकडे, 32 ने सुरू होणारे. नंतर कळलं की 3 म्हणजे सक्तीच्या भरतीतला आणि 2 म्हणजे न्यू यॉर्क-न्यू जर्सीचा विभाग. आकडे घातले, एकच माणूस उरला. नवा प्लॉट, नवी रांग, नवा नंबर. मी कुंपणावरून ओरडून आजींना सांगितलं. त्यांनी ते पत्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून घेतलं.

आता दुसरा प्रश्न. आईने नको का म्हटलं?

मला हे माहीत नव्हतं की मेलेल्या प्रत्येक सैनिकाची स्वतंत्र फाइल असते. नोकरीची फाइल वेगळी, मृत्यूनंतरची वेगळी. नोकरीच्या फाइली सेंट लुईसला होत्या आणि 12 जुलै 1973 रोजी त्या इमारतीला आग लागून 16 ते 18 दशलक्ष फाइली गेल्या. आजींच्या भावाचीही गेली असं उत्तर मला आलं. पण मृत्यूनंतरची फाइल वाचली होती. कॉपीचे पैसे भरले आणि वाट पाहिली. ती यायला मार्च उजाडला, तोवर मी आशाच सोडली होती.

स्कॅन केलेली पन्नासेक पानं. मी ती आजींच्या स्वयंपाकघरात टेबलावर एकेक करून ठेवली. सगळ्यात आधी दातांचा तक्ता, ओळख पटवण्यासाठी. तो मी पालथा घातला. मग खिशातल्या वस्तूंची यादी: पाकीट 1, फोटो 7, जपमाळ 1, फाउंटन पेन 1 (मोडकं), परदेशी नाणी. मोडकं पेनसुद्धा टाइप करून, सही-शिक्क्यानिशी न्यू जर्सीला पाठवलेलं. आजी म्हणाल्या, ते पेन वडिलांच्या टेबलावर होतं, मला वाटायचं ते वडिलांचंच.

आणि मग तो फॉर्म. नातेवाइकांपुढे चार पर्याय ठेवलेले: परदेशात अमेरिकन लष्करी स्मशानातच कायमचं दफन; अमेरिकेत आणून घरच्यांनी निवडलेल्या खाजगी स्मशानात; दुसऱ्या एखाद्या देशात, म्हणजे माणसाचं मूळ तिकडचं असेल तर; किंवा अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्मशानात. दुसऱ्या महायुद्धातले साधारण 60 टक्के घरी आले. आजींच्या आईनेही दुसऱ्या पर्यायावर खूण केली होती. घरी आणा. गावातल्या चर्चच्या स्मशानाचं नावसुद्धा लिहिलं होतं. आजींनी ते पान उचलून खिडकीजवळ नेलं.

तीन पानांनंतर आईच्या हातचं पत्र. मी विचार बदलला आहे, तो आहे तिथेच राहू द्या. तिथली एक बाई दर महिन्याला कबरीवर फुलं ठेवते आणि मला पत्र लिहिते, तिच्याकडून त्याला हलवावं असं मला वाटत नाही. एवढंच. चार ओळी.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पत्रं यायची. तिकिटं मी जमवायचे.”

माझं बालपण खडकीचं. शाळेच्या वाटेवर वॉर सिमेट्री, हिरवळ आणि पांढऱ्या दगडांच्या रांगा. आम्हाला ती फक्त सावली आणि शांतता म्हणून माहीत. तिथल्या दगडांवर वय असतं आणि कित्येकांवर खाली घरच्यांनी दिलेली एखादी ओळ. पण ब्रिटिशांचा नियम होता की जो जिथे पडला त्याला तिथेच ठेवायचं, आईला विचारण्याचा प्रश्नच नाही. अमेरिकनांनी विचारलं. विचारणं चांगलं की न विचारणं, यावर माझं आणि बायकोचं दोन दिवस चाललं होतं. तिचं म्हणणं, मेलेल्या पोराबद्दल फॉर्म भरायला लावणं हीच शिक्षा. मला अजून तसं वाटत नाही, पण आजींकडे पाहिल्यावर तिचं अगदीच चूक नाही असंही वाटतं.

तर एप्रिल 2023. मास्ट्रिख्तच्या स्टेशनवरून आखेनच्या दिशेने जाणारी बस स्मशानाच्या दारातच सोडते. (गावाचं नाव डच लोक ‘मारख्रातन’ असं काहीतरी म्हणतात. मी ‘ग’ म्हटलं की ड्रायव्हर विचारात पडतो.) आत शिरलं की लांब पाण्याचं तळं, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ज्यांचं शरीरच मिळालं नाही अशांची 1,722 नावं, आणि समोर उंच मनोरा. मनोऱ्याच्या पायाशी शोक करणाऱ्या आईचा पुतळा. मी त्याच्याकडे फार वेळ पाहू शकलो नाही. मागे चढावर सुमारे 8,300 कबरी, सरळ रेषेत नाही, धनुष्यासारख्या वळणाने. ही जमीन अमेरिकेची, असं पुष्कळ जण सांगतात, तसं नाही. जमीन नेदरलँड्सचीच, भाडं न घेता कायमची वापरायला दिलेली.

कार्यालयातल्या तरुणीला मी आधीच कळवलं होतं. ती एक छोटी बादली, स्पंज आणि दोन झेंडे घेऊन आली. बादलीत ओली वाळू. “ओमाहा बीचची,” ती म्हणाली. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरची, 6 जून 1944 ला अमेरिकन सैन्य उतरलं ती जागा. मला वाटलं, काहीतरी विधी असेल. विधी नव्हता, सोय होती. इटलीतल्या लासाचा तो संगमरवर इतका पांढरा की त्यात कोरलेलं नाव फोटोत येतच नाही. तिने मूठभर वाळू घेतली आणि अक्षरांवर तळहाताने चोळली, थोडी दाबून, पोळपाटावर पीठ पसरावं तशी. मग स्पंजने वरची पुसून घेतली. वाळू फक्त खाचांत राहिली आणि नाव एकदम सोनेरी-तपकिरी होऊन वर आलं. नाव, हुद्दा, तुकडी, ‘न्यू जर्सी’, मृत्यूची तारीख. मी विचारलं, हे किती दिवस राहतं? “पाऊस येईपर्यंत. इथे म्हणजे संध्याकाळपर्यंत.”

तिने मला मागच्या बाजूला नेऊन खाली बोट दाखवलं. तिथे लहान अक्षरांत नंबर. 32 ने सुरू होणारा. डब्यातल्या पत्रावरचा.

मग हात लावला. गार होता, पण उन्हाकडची बाजू नव्हती.

कबर दत्तक घेणारं कुटुंबही आलं होतं. मारग्रातनला प्रत्येक कबर कोणीतरी दत्तक घेतलेली असते. 1945 पासूनची ही पद्धत, आणि नवीन माणसाला यादीत थांबावं लागतं. तिथल्या फाउंडेशनला लिहिलं तर ते तुमचं पत्र त्या कुटुंबाकडे पोचवतात. मी लिहिलं होतं. मला मनातून वाटत होतं की आईला पत्रं लिहिणाऱ्या त्या बाईची नात वगैरे भेटेल. तसं काही झालं नाही. आले ते निवृत्त बसचालक आणि त्यांची बायको. यादीत थांबून त्यांना ही कबर मिळालेली, आधी कोणाकडे होती याची कल्पना नाही. ती बाई कोण, ते राहूनच गेलं.

काकांनी मात्र मला एक गोष्ट सांगितली जी मी वाचली असती तर एवढी लागली नसती. ते उभे होते त्या जमिनीकडे बोट करून म्हणाले, हे खड्डे काळ्या सैनिकांनी खणले. 960 व्या क्वार्टरमास्टर सर्व्हिस कंपनीतली पोरं, पावसात, चिखलात, कुदळ-फावड्यांनी, रोज. त्यांच्यातला एक, जेफरसन विगिन्स, म्हातारपणी त्याबद्दल बोलू लागला. आपल्याच सैन्यात ज्यांना वेगळं बसवत, त्यांनी सगळ्यांना पुरलं. काकू मध्येच त्यांना डचमध्ये काहीतरी म्हणाल्या, बहुतेक ‘पाहुण्याला जरा श्वास घेऊ द्या.’

फुलं ताजीच चालतात. मी मास्ट्रिख्तच्या बाजारातून ट्यूलिप नेले होते. काकूंनी ते माझ्याकडून घेऊन देठ तिरके कापले, मग ठेवले. “आम्ही मेमोरियल डेला (अमेरिकेचा शहीद सैनिकांच्या स्मरणाचा दिवस) येतो, ख्रिसमसला येतो, आणि त्या तारखेला,” त्यांनी दगडावरच्या फेब्रुवारीकडे बोट केलं. “वाढदिवस माहीत नाही. दगडावर लिहीत नाहीत.”

तिथूनच आजींना फोन लावला. न्यू जर्सीत सकाळचे सहा. त्या जाग्याच होत्या. कॅमेरा दगडावर धरला. “वाळूचा रंग त्याच्या केसांसारखा आहे,” एवढं म्हणाल्या. मग, “गार होता?” मी खरं ते सांगितलं, सावलीकडून गार होता. काकूंनी मला खुणेने विचारायला सांगितलं, मी विचारलं.

“9 सप्टेंबर,” आजी म्हणाल्या. “त्याला पिवळी फुलं आवडायची नाहीत. आईला आवडायची.”

सप्टेंबरमध्ये माझ्या व्हॉट्सअॅपवर फोटो आला. वाळू नव्हती, नाव जेमतेम दिसत होतं. खाली पांढरी डेझी आणि त्यात एकच पिवळं फूल. मी तो मोठा छापून घेतला. आजींनी डब्यात ठेवायला झाकण उघडलं, पण फोटो डब्यापेक्षा मोठा निघाला. सध्या तो फ्रीजवर आहे, माझ्या लेकीच्या फोटोशेजारी.