मेथीला मारले नव्हते

निफाड भागातील एका शेतकऱ्याच्या मेथीचा नमुना मी त्या दिवशी दुसऱ्यांदा तपासायला घेतला, कारण पहिल्या अहवालातील इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचा आकडा त्यांना मुळीच मान्य नव्हता. "साहेब, मेथीला एक थेंबही मारलेला नाही," असे ते फोनवर म्हणाले होते. कीटकनाशकांचे उर्वरित अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेत हे वाक्य इतक्यांदा कानांवर पडते की मी ते फारसे मनावर घेतले नव्हते. आकडा किलोला ०.१४ मिलिग्रॅम होता, आणि जिथे पिकासाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नसते तिथे आपल्याकडे ०.०१ मिलिग्रॅम हीच मर्यादा धरतात.

पहिला संशय मी स्वतःच्याच कामावर घेतला. मेथी दळून अ‍ॅसिटोनायट्राइल या द्रावकात हलवली की अर्क गर्द हिरवा होतो आणि तो रंग काढण्यासाठी कार्बनची भुकटी घालावी लागते. ती जास्त पडली तर हरितद्रव्याबरोबर काही सपाट रेणूंची औषधेही ओढून नेते. मात्र त्यामुळे आकडा घटेल, वाढणार नाही, आणि ताडून पाहण्यासाठी घेतलेला, औषध नसलेला कोरा नमुनाही स्वच्छ निघाला होता.

मग उरलेल्या जुडीचे भाग केले. धुतलेल्या पाल्यात ०.१३ आले, म्हणजे पाण्याने जवळजवळ काहीच उतरले नाही. खालच्या जून पानांत ०.२१, शेंड्यांत ०.०६ आणि देठांत त्याहूनही कमी. हे आंतरप्रवाही औषध पाण्यात बऱ्यापैकी विरघळते. मुळांनी ते पाण्याबरोबर ओढले की झायलेममधून, म्हणजे झाडातील पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांतून, वर चढते, पानांतून पाण्याची वाफ होऊन जाते आणि औषध तिथेच मागे राहते, म्हणून जे पान जास्त दिवस पाणी ओढत आले त्यात साठाही जास्त. अर्कात इमिडाक्लोप्रिडचे हायड्रॉक्सी आणि ओलेफिन हे अवशेषही दिसले, म्हणजे झाडाने औषध मोडायला सुरुवात केली होती. (मोडणे म्हणजे निर्विष करणे नव्हे, ओलेफिन रूप मावा व पांढऱ्या माशीवर मूळ औषधाहून प्रभावी ठरते.) तरीही एवढ्यावरून फवारणी नाकारता येत नव्हती, कारण पानावर पडलेले इमिडाक्लोप्रिडही आत शिरते.

उत्तर फ्रीजमधल्या पिशवीच्या तळाशी होते. मेथीची जुडी मुळांसकट येते आणि नमुना दळण्यापूर्वी आम्ही ती मुळे कापून बाजूला टाकतो. या जुडीच्या मुळांना चिकटलेली चिमूटभर माती खरवडून तपासली, तेव्हा तिच्यात पाल्याच्या कितीतरी पट औषध निघाले.

मी त्यांना पुन्हा फोन केला आणि या वेळी काय फवारले हे न विचारता, जमिनीत काय सोडले होते, असे विचारले. ते क्षणभर थांबले. "ते होय? मिलीबगसाठी ड्रिपमधून सोडलं होतं, पण ते द्राक्षाला." मेथी त्याच बागेच्या दोन ओळींमधल्या पट्ट्यात, ड्रिपच्या नळीला लागूनच पेरलेली होती. पहिल्या दिवसापासून ते खरेच बोलत होते, हे मी त्यांना तेव्हाच सांगून टाकले.

त्यांचा पुढचा प्रश्न कोथिंबिरीचा होता, कारण मेथी काढून त्याच पट्ट्यात त्यांनी धने टाकले होते. हे औषध जमिनीत कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकते, त्यामुळे तारखेवरून हमी देता येणार नाही, असे मी सांगितले. तिसऱ्या दिवशी ते पाच वेगवेगळ्या जागांची माती पाच पिशव्यांत घेऊन आले. नळीजवळच्या पिशवीवर त्यांनी स्वतःच फुली केली होती.