सरासरीच्या आधी

“मुलांना सरासरी काढता येते ना? मग एवढ्या लहान वयात आणखी सांख्यिकी कशाला?” पालक हे हमखास विचारतात, कधी शिक्षकही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

बेरीज करून भागाकार करणं हा हिशेब झाला. सांख्यिकी सुरू होते ती आकडे सारखे का येत नाहीत या प्रश्नापासून. म्हणून मी सूत्र नंतर सांगते. आधी वर्गातल्या प्रत्येकाला एकच टेबल १५ सेंटीमीटरच्या पट्टीने मोजायला लावते, शेजाऱ्याला उत्तर न दाखवता. मग प्रत्येक जण फळ्यावरच्या संख्यारेषेवर आपला ठिपका देतो. कुणाचा ११९ वर, कुणाचा १२२ वर, एखादा पार १३५ वर.

“याचं चुकलं!” असा गलका होतोच. पण वेगळी उत्तरं तर सगळ्यांचीच आहेत! इथे मी मुळीच घाई करत नाही. पट्टी उचलून पुढे ठेवताना फट राहते, कधी ती आधीच्या खुणेवर चढते, कुणी शून्याऐवजी पट्टीच्या कडेपासून मोजतं. ही कारणं मुलंच शोधतात. १३५ वाल्याने पट्टी एकदा जास्त मोजली असणार, हेही तीच ताडतात. तो ठिपका ठेवायचा की काढायचा, यावर छान वाद होतो. त्या एकट्यामुळे सरासरी वर सरकते, मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) मात्र जवळजवळ जागचा हलत नाही, हे तेव्हा डोळ्यांसमोर दिसतं. नंतर लांब टेपने मोजलं की ठिपके दाटीने बसतात.

दुसरा प्रयोग नाणेफेकीचा. दहा वेळा उडवलं की पाच छापे येणारच, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात बरोबर पाच येण्याची शक्यता जेमतेम २५ टक्के. कुणाला तीन, कुणाला आठ. सगळ्या वर्गाच्या फेकी एकत्र केल्या की मात्र आकडा निम्म्याजवळ येतो.

हे लहानपणीच का? काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारलं होतं: एका रुग्णालयात रोज साधारण ४५ बाळं जन्मतात, दुसऱ्यात १५. साठ टक्क्यांहून जास्त मुलगे जन्मल्याचे दिवस वर्षभरात कुठे जास्त असतील? निम्म्याहून अधिक जणांनी “दोन्हीकडे सारखेच” म्हटलं. उत्तर आहे लहान रुग्णालय, कारण आकडे थोडे असले की प्रमाण जास्त वरखाली होतं. दहा-दहा फेकींचे आकडे स्वतः वरखाली होताना पाहिलेल्या मुलांना ते का, हे मला फारसं समजावावं लागत नाही.