होकाराला दोन, नकाराला तीन

भाचीला मेडिकलला प्रवेश मिळाला आणि आमच्या घरात हाडं आली. पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी असते, तिच्यासाठी 'बोन सेट' लागतो आणि तो सिनिअर मुलांकडून कमी किमतीत घ्यायची पद्धत आहे. तिनं खोका जेवणाच्या टेबलावर ठेवला तशी आई देवघरातून ओरडली, "आधी खाली ठेव ते!" मग जवळ आली, आवाज उतरवला आणि विचारलं, "खरी आहेत?"

"फायबरची आहेत गं, आजी."

आईचा जीव भांड्यात पडला, पण थोडी निराशाही झाली असावी. खोटी म्हटल्यावर सोवळ्याओवळ्याचा प्रश्न मिटला. तिनं खुर्ची ओढली आणि चष्मा लावला.

खोक्यात ऐवज भरपूर होता. पण मला मोह पडला तो दोरीत ओवलेल्या सात मणक्यांचा. मांडीचं हाड लांब असतं, मजबूत असतं, विषय संपला. मानेचा मणका हातात फिरवत राहावा आणि दर वेळी नवीन काहीतरी सापडावं. कुठे काटा, कुठे भोक, कुठे सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभाग. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या काट्यांना तर मागे बहुधा दोन टोकं फुटलेली असतात. भाचीच्या भाषेत तिसरा ते सहावा हे 'टिपिकल' मणके. पहिला, दुसरा आणि सातवा 'अटिपिकल'. परीक्षक तोंडी परीक्षेत नेमके हे तीनच हातात देतात म्हणे. सातवा तुम्हाला घरबसल्याही तपासता येईल. मान खाली घालून मागे बोट फिरवा, शर्टाच्या कॉलरपाशी जो उंचवटा लागतो तो बहुतेकांचा सातवा.

"पण हा मानेचाच, पाठीचा नाही, हे कशावरून?" मी विचारलं.

तिनं मणका दिव्यासमोर धरला. दोन्ही बाजूंच्या आडव्या काट्यांत एकेक भोक होतं. "पाठीच्या मणक्याला नाही, कमरेच्या नाही. भोक दिसलं की डोळे मिटून मानेचा सांगायचं."

या भोकांतून मेंदूकडे जाणारी धमनी वर चढते, उजवीकडून एक, डावीकडून एक. शिरते सहसा सहाव्या मणक्यातून. सातव्यालाही भोक असतं, पण ती बहुधा त्याच्यासमोरून निघून जाते. तिथून पाचवा, चौथा करत पहिल्यापर्यंत पोहोचते. तिथे मात्र सरळ वर न जाता पहिल्या मणक्याच्या मागून वळसा घेते आणि मगच कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून आत जाते. हा वळसा उगाच नाही. डोकं इकडेतिकडे वळतं तेव्हा धमनीला थोडी जास्तीची लांबी हाताशी लागते.

हे कळल्यापासून सलूनमध्ये माझी पंचाईत होते. केस कापून झाले की चंपी, आणि चंपीच्या शेवटी हनुवटी आणि टाळू धरून मानेला एक झटका. कट्ट! मग दुसऱ्या बाजूला. हा आवाज हाडाचा नसतो. सांध्यातल्या वंगणात वायूचा बुडबुडा तयार होतो, त्याचा असतो. त्यात वाईट काही नाही. पण मानेच्या जोराच्या झटक्यानं धमनीचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. विरळा आहेत, हेही खरं. तरी मी आता "मान राहू दे" म्हणतो. कारागिराचा चेहरा पडतो. मैफिलीत भैरवी न गाताच उठायला सांगावं, तसं त्याला होत असणार.

आता वरचे दोन मणके. माझ्या मते सगळी गंमत तिथे आहे.

पहिल्याचं नाव ॲटलास. ग्रीक कथेत आभाळ पेलून धरणाऱ्या ॲटलासवरून ते पडलं. आपल्याकडे शेष पृथ्वी डोक्यावर घेतो, पण त्या डोक्याखाली मानेचं काय होतं याची विचारपूस कुणी केल्याचं ऐकिवात नाही. माणसाचं डोकं चार-पाच किलोचं असतं, आणि ते पेलणाऱ्या ॲटलासकडे बघितलं तर तो नुसती कडी आहे. इतर मणक्यांना पुढे जो भरीव गोळा असतो तो याला नाहीच. तो गेला कुठे? तर दुसऱ्या मणक्याकडे. गर्भात वाढताना पहिल्याचा हा भाग दुसऱ्याला चिकटतो आणि त्याच्या डोक्यावर दातासारखा उभा राहतो. घरातल्या थोरल्यानं आपला वाटा धाकट्याच्या नावावर करून द्यावा आणि पुढे जन्मभर त्याच्याच आधारानं राहावं, असा हा व्यवहार. पहिल्याची कडी या दाताभोवती फिरते, जात्याच्या खालच्या दगडातल्या खिळ्याभोवती वरचा दगड फिरतो तशी. दात मागे सरकून मज्जारज्जूवर रुतू नये म्हणून त्याच्या पाठीमागून एक आडवा अस्थिबंध ताणलेला असतो. शिवाय दाताच्या टोकापासून कवटीपर्यंत दोन बंध गेलेले असतात, ते मान किती वळवायची त्याची मर्यादा सांभाळतात.

कवटी आणि पहिला मणका यांच्यामध्ये दोन सांधे आहेत, एक उजवा, एक डावा. कवटीचे दोन उंचवटे पहिल्याच्या दोन खोलगट जागांत बसलेले असतात. इथे डोकं पुढेमागे होतं. हा 'हो'चा सांधा. पहिला आणि दुसरा यांच्यामध्ये तीन सांधे. बाजूचे दोन आणि मधला दाताचा. इथे डोकं डावीउजवीकडे वळतं. मान पूर्ण वळवली तर त्यातली साधारण निम्मी हालचाल या एका मजल्यावर होते. हा 'नाही'चा. म्हणजे होकाराला दोन सांधे पुरतात, नकाराला तीन लागतात. मी हे भाचीला मोठ्या उत्साहानं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, हे असं पेपरात लिहिलं तर नापास करतील."

पण एकाच सांध्यात दोन्ही का भागलं नाही? कवटीचे दोन उंचवटे दोन खळग्यांत बसले की पुढेमागे डुलता येतं, गरकन फिरता येत नाही. पक्ष्यांच्या कवटीला खाली एकच गोल उंचवटा असतो. त्यांची सोय निराळी. घुबडाच्या मानेत १४ मणके असतात आणि ते डोकं २७० अंशांपर्यंत फिरवतं. आपल्यासारख्या दोन उंचवट्यांच्या प्राण्यांना वळायचं तर एक मजला खाली यावं लागतं.

माशांना मानच नसते. त्यांच्या खांद्याची हाडं कवटीला जोडलेली असतात. शेजारी बघायचं तर माशाला सगळं अंग वळवावं लागतं. कॅनडाच्या एल्समिअर बेटावर २००४ साली टिकटालिक नावाच्या प्राण्याचे जीवाश्म मिळाले, ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचे. अंगावर माशाचे खवले आणि कल्ले, पण खांदा कवटीपासून सुटलेला. मान ज्याला म्हणता येईल अशी गोष्ट असलेल्या सगळ्यांत जुन्या प्राण्यांपैकी हा एक. बेडकाकडे मानेचा मणका एकच. त्याला डोकं थोडं वरखाली करता येतं, बाजूला वळवणं जवळपास नाही. ॲटलासनं दुसऱ्या मणक्याभोवती फिरायची व्यवस्था नंतरची. यावरून उत्क्रांतीत होकार आधी आला आणि नकार मागाहून, असा निष्कर्ष मी काढलेला आहे. शास्त्रज्ञांनी तो काढलेला नाही, त्यांना घाई नसते.

सात या आकड्याचंही कौतुक करायला हवं. उंदराला सात, माणसाला सात, जिराफालाही सातच, फक्त त्याचा एकेक मणका वीतभराहून लांब. देवमाशाला मान दिसत नाही, पण सात आहेत, काही जातींत एकमेकांना चिकटून गेलेले. सस्तन प्राण्यांत हा नियम मोडणारे म्हणजे मॅनाटी नावाची समुद्रगाय आणि स्लॉथ. स्लॉथांत तीन बोटांच्या जातीला आठ-नऊ असतात. दिवसभर झाडाला उलटं लटकणाऱ्याला नियमाचं काय!

खालचे पाच मणके कष्टकरी. वरच्या दोन मजल्यांना गादी नसते. कवटी आणि पहिला यांच्यात नाही, पहिला-दुसरा यांच्यातही नाही. पहिली गादी दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये. मागे दोन्ही बाजूंना तिरकस सांधे, साधारण ४५ अंशांत कललेले, छपरावरच्या उतारानं एकमेकांवर घसरणारे. शिवाय गादीच्या कडेला आणखी चिमुकले सांधे असतात, ट्यूबिंगेनच्या हुबर्ट फॉन लुश्का यांच्या नावानं ओळखले जाणारे. हे खरे सांधे की गादी झिजताना पडलेल्या फटी, यावर शरीररचनेचे जाणकार अजून भांडतात. जन्मलेल्या बाळात ते नसतात एवढं मात्र नक्की. बाळाची मान मुळात असते कुठे? उचलताना खाली हात धरावा लागतो. भेटायला येणारी प्रत्येक बाई तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकच चौकशी करते, "मान धरली का?" पोटावर पडून बाळ डोकं उचलायला लागतं तशी मानेची पुढची कमान नीट दिसू लागते.

मज्जारज्जूतून मानेत आठ नसांच्या जोड्या फुटतात. मणके सात आणि नसा आठ, कारण पहिली पहिल्या मणक्याच्याही वरून निघते. तिसरी, चौथी, पाचवी मिळून श्वासपटलाला चालवतात. छातीच्या तळाशी असलेल्या पडद्याची तार मानेत कशी? गर्भात तो पडदा मानेपाशीच आकार घ्यायला लागतो आणि पुढे खाली सरकतो, नस मागोमाग ओढत नेतो. माहेरचं नातं सुटत नाही.

पाचव्या-सहाव्यामधली गादी सगळ्यांत आधी झिजते. आईची तिथलीच. तिचा एक्स-रे कपाटावर मोठ्या पाकिटात आहे आणि कुणी मानेचा विषय काढला की तो खाली येतो. "गॅप आलाय," ती सांगते. भाचीनं तो खिडकीशी धरून दाखवलं की तिथली फट उलट अरुंद झाली आहे, वरच्या मजल्यांवर ऐसपैस आहे. आईनं ऐकून घेतलं. संध्याकाळी शेजारच्या काकूंना ती पुन्हा "गॅप"च सांगत होती.

फोनचंही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल विसरला. २०१४ साली केनेथ हंसराज या अमेरिकी मणका-शल्यविशारदानं संगणकावर हिशेब मांडला की डोकं ६० अंश झुकवलं तर मानेवर २७ किलोंचा भार येतो. तेव्हापासून तो आकडा त्याच फोनवर फिरतो आहे आणि लोक तो मान खाली घालून वाचतात. तो संगणकातला हिशेब आहे, जित्या माणसाच्या मानेत काटा घालून केलेलं वजन नाही. तांदूळ निवडणाऱ्या, भरतकाम करणाऱ्या बायकांच्या पिढ्यान्‌पिढ्या मान घालून बसल्या. त्यांच्या माना दुखल्या नाहीत असं नाही. त्यांचा हिशेब कुणी मांडला नाही.

तर 'हो' वरच्या मजल्यावर, 'नाही' त्याखाली. बल्गेरियात म्हणे हे उलट, मान वरखाली केली की नकार. पण आपली तिसरी खूण कुठे राहते? डोकं खांद्याकडे कलतं, मग दुसऱ्या खांद्याकडे, चेहरा समोरच. रिक्षावाला 'बसा' म्हणतो तेव्हा एकदा, दुकानदार 'देतो' म्हणतो तेव्हा दोनदा. बैठकीत समेवर सगळी ओळच डोलते. हिच्यासाठी वेगळा सांधा नाही. ती खालच्या पाच मणक्यांत वाटलेली आहे.

भाची दहावीपर्यंत भरतनाट्यम शिकली. त्यात मान खांद्यांवर आडवी सरकवायची हालचाल असते, सुंदरी नावाची. तिनं ती करून दाखवली आणि मग दोरीतले मणके बोटांत धरून सांगितलं, "खालचे एकीकडे कलतात, वरचे उलटीकडे, म्हणून डोकं सरळ राहतं." आपल्या डोलण्यातही आत असंच काहीतरी चालतं. खालचे सांधे तिरकस असल्यामुळे मान उजवीकडे कलली की मणके थोडे उजवीकडे वळतातही. नुसतं कलणं त्यांना जमतच नाही. मग चेहरा समोर ठेवायला पहिला-दुसरा सांधा गुपचूप डावीकडे फिरतो. हा तोच, नकाराचा. बाहेरून 'हो, हो' दिसत असताना आत तो आपलं काम करतच असतो.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा आई सत्यनारायणाच्या जेवणाची यादी करत होती. "मला हाडं नकोत सांगूस," ती म्हणाली. "येणार का विचारल्यावर जो असा डोलतो, त्याचं पान मी कधीच धरत नाही."