वेतोबाच्या वहाणा आणि फायरमनचे गमबूट

मार्च सुरू झाला की आमच्या गॅलरीतून ठाण्यातला येऊरचा डोंगर रात्री पेटलेला दिसतो. अख्खा डोंगर नाही, एक बारीक केशरी रेघ असते, ती हळूहळू वर सरकते, मधेच तुटते, परत जुळते, आणि सकाळी दोरीवरच्या कपड्यांवर काळी काजळी पडलेली असते. लहानपणापासून बघतेय पण अजूनही पोटात कालवतं, कारण तिथे वाडे-पाडे आहेत, बिबटे आहेत, आणि कुणीतरी काठ्या आणि ओल्या फांद्या घेऊन ती रेघ झोडपत असणार हे माहीत असतं.

मागच्या शनिवारी अशीच रेघ दिसत होती आणि मी घरी ओन्ली द ब्रेव्ह लावला. २०१७ चा पिक्चर, तिसऱ्यांदा बघत होते. ह्यावेळी शेजारच्या काकांना पण बोलावलं, ते फायर ब्रिगेडमधून रिटायर झालेत, आग दाखवणारे पिक्चर ते बघतच नाहीत, म्हणतात सगळं खोटं असतं, एवढ्या धुरात हिरोचा चेहरा दिसेल का. पण ही खरी माणसं होती असं सांगितल्यावर आले.

अमेरिकेत ॲरिझोनामध्ये ग्रॅनाईट माऊंटन हॉटशॉट्स नावाची, वणवे विझवणारी वीस जणांची तुकडी होती. २८ जून २०१३ ला वीज पडून यार्नेल गावाजवळच्या डोंगरावर आग लागली आणि ३० जूनला, दुपार कलताना, वादळामुळे वारा फिरला आणि त्यातले एकोणीस जण एका घळीत अडकून मेले. विसावा लांब टेहळणीवर होता म्हणून वाचला. ह्या लोकांचं काम आपण समजतो तसं पाणी मारायचं नसतंच मुळी. आगीच्या पुढे जाऊन गवत, झुडपं, मुळं सगळं खणून जमीन उघडी करायची, म्हणजे आगीला खायला काही उरत नाही. आपल्याकडे वनखातं ह्याला जाळरेषा म्हणतं. येऊरला पण काढतात. जगाच्या दोन टोकांना तेच काम, तोच घाम.

पिक्चरमध्ये तुकडीचा प्रमुख एक गोष्ट सांगतो, की एकदा त्याने जळतं अस्वल जंगलातून धावत बाहेर येताना पाहिलं. ते अस्वल मग त्याला परत परत दिसत राहतं. बाकी सगळा पिक्चर इतका खरा आहे, कुदळीचा आवाज, बायकोशी भांडण, जेवणाच्या वेळची थट्टामस्करी, आणि मधेच हे अस्वल, आणि मला दर वेळी वाटतं की आजी सांगायची त्या गोष्टी अशाच तर असायच्या. आगीला अंग दिलं की तिची भीती सांगता येते. महाभारतात खांडववनाच्या गोष्टीत अग्नी भूक लागली म्हणून येतो, ब्राह्मणाचं रूप घेऊन अख्खं वन मागतो. हे ज्याने रचलं त्याने वणवा डोळ्यांनी पाहिला असणार, माझी खात्री आहे.

आणि एक जुनिपरचं झाड आहे, फार जुनं, प्रचंड मोठं. मरण्याच्या काही दिवस आधी दुसऱ्या एका वणव्यातून ह्या पोरांनी ते वाचवलं होतं, आणि मग त्याच्यासमोर आपल्या गोविंदांसारखे थर लावून फोटो काढला. आता लोक डोंगर चढून ते झाड बघायला जातात. आपल्याकडे असतं तर एव्हाना खाली शेंदूर लागला असता, दिवा लागला असता, आणि मला त्यात काहीच चूक वाटत नाही, देवराया अशाच झाल्या असतील.

म्हणूनच मला कांतारा (२०२२) हा कन्नड पिक्चर एवढा लागला. तुळुनाडूचा, म्हणजे कर्नाटकच्या किनाऱ्याकडचा भूतकोला, अंगात दैवत येण्याचा विधी, पंजुर्ली, गुळिगा ही तिथली राखणदार दैवतं, आपल्याला त्यातला विधी माहीत नसला तरी राखणदार माहीत असतो ना. माझ्या आईचं माहेर आरवलीचं, वेंगुर्ल्याजवळ. तिथला वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणतात, म्हणून नवस फेडायला त्याला केळीचे घड आणि चामड्याच्या वहाणा देतात, ह्या एवढाल्या, दोन हातांनी उचलाव्या लागतात. आणि त्यांचे तळ झिजतात. आईने लहानपणी मला त्या उलट्या करून दाखवल्या होत्या, टाचेकडे जास्त झिजलेल्या होत्या.

काकांचे गमबूट त्यांच्या दाराबाहेरच्या रॅकवर अजून आहेत. उजव्या बुटाचा तळ बाहेरच्या बाजूने वितळून परत घट्ट झालाय, मेणासारखा, त्यात काचेचा एक हिरवा तुकडा रुतून बसलाय. एमआयडीसीतल्या कुठल्याशा केमिकलच्या आगीतला आहे, एवढंच सांगतात. त्यापुढे नाही. काळबादेवीचं नाव निघालं तर उठून जातात, २०१५ ला तिथे आगीत इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. आणि १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, त्यांच्या आठवणीत दरवर्षी अग्निशमन सेवा दिन पाळतात. ह्यावर आपण पिक्चर का नाही काढत हे मला खरंच कळत नाही.

२०२४ ला राहुल ढोलकियाचा अग्नी आला, प्रतीक गांधी फायर ब्रिगेडमध्ये, आणि त्याचा पोरगा हिरो मानतो कुणाला तर मामाला, कारण मामा पोलीस. ही नस बरोबर पकडलीय. पण पुढे तो गुन्हेगाराच्या मागे लागतो तेव्हा मला वाटलं, अरे आग पुरेशी होती ना. मला मराठीत असा पिक्चर हवाय ज्यात ठाण्यातला साधा फायरमन आहे, आरवलीकडचा, आईने लहानपणी वेतोबाची गोष्ट सांगितलेला, आणि रात्री बेल वाजली की बूट चढवताना त्याला ती आठवते. भूत दाखवायची गरजच नाही. फक्त झिजलेले तळ दाखवा.

तर त्या शनिवारी. यार्नेलचा सीन आला, पोरं डोंगरावर बसून डबे खातायत, अजून कुणाला काही कळलेलं नाही, आणि काकांनी चहाचा कप तसाच हातात धरला. म्हणाले, "वारा फिरला." पिक्चरमध्ये ते कळायला अजून वेळ होता. मग शेवटी शाळेच्या जिममध्ये सगळ्यांच्या बायका, आया थांबल्यात आणि तो एकटा वाचलेला पोरगा आत येतो, तेव्हा काका उठून गॅलरीत गेले. आई पण मागे गेली. दोघं बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काकांनी विचारलं, "वहिनी, त्या वहाणा खरंच झिजतात?" आई म्हणाली, "मे महिन्यात जातोय, चला, तुम्हीच बघा."

तिकिटं काढलीत, चार.

आत्ता हे लिहिताना परत ती रेघ दिसतेय, पाटोणपाड्याच्या वरच्या अंगाला. काका त्यांच्या गॅलरीत उभे आहेत. म्हणाले वारा खाली येतोय, कपडे आत घे.