बरं, मॅडम

गुरुवार, रात्री साडेदहा

परवा दुपारपासून दोन शब्द डोक्यात घोळत आहेत. माझ्या शिवणकामाच्या शेडमधल्या लक्ष्मीअक्का मला ‘बरं, मॅडम’ म्हणाल्या, एवढेच घडले. त्यात अपशब्द नव्हता, त्यांचा आवाजही चढला नव्हता आणि कोणाला सांगायला गेले तर ‘मग त्यात काय झाले?’ असेच कोणीही विचारील. पण गेली अडीच वर्षे मी त्यांची ‘ताई’ होते. त्या वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या आहेत. मी त्यांना अक्का म्हणायचे आणि त्यांनी मला ताई म्हणायचे, हे पहिल्याच आठवड्यात कोणी न ठरवता ठरून गेले. पूर्वी मी खो-खो शिकवायचे तेव्हा मैदानावर मुली मला ताईच म्हणत असत. मैदान सोडताना जे थोडेफार बरोबर आणता आले त्यात हा शब्द आहे, असे मी धरून चालले होते.

झाले ते असे. २९ ऑगस्टच्या राष्ट्रीय क्रीडा दिनाआधी एका शाळेच्या १८० ट्रॅकपँट द्यायच्या आहेत. मंगळवारी तयार गठ्ठ्यातली एक पँट मी सहज टेप लावून पाहिली, तर लेबल ३२चे आणि पँट ३४ची निघाली. दुसरी काढली, तीही तशीच. एकूण चाळीस नगांना चुकीचे लेबल लागले होते आणि लेबल लावण्याचे काम अक्कांकडे होते. सात मशीन चालू असल्या की ओव्हरलॉकच्या आवाजात शेजारच्या माणसाचेही ऐकू येत नाही, म्हणून मी मैदानातला आवाज काढला. ‘अक्का, लक्ष कुठे असतं तुमचं? चाळीस नग उसवायचे आता, कोण भरून देणार हे?’ माझे वाक्य संपेपर्यंत एकेक करून सगळ्या मशीन थांबल्या होत्या, त्यामुळे ‘कोण भरून देणार’ हे शब्द सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेले. अक्कांनी पायडलवरचा पाय काढला, दोरा कापला, हातातली पँट नीट घडी घालून डाव्या बाजूला ठेवली आणि माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, ‘बरं, मॅडम.’

दुपारी जेवताना त्यांनी डबा उघडला. रोज त्या कडक भाकरीचा एक तुकडा मोडून त्यावर शेंगाचटणी घालून माझ्यापुढे ठेवतात आणि मी नको म्हटले तरी ठेवतात. परवा त्यांनी सगळी भाकरी स्वतःच संपवली. मला भूक नव्हती, हेही खरेच आहे.

चारच्या सुमारास कळले की गठ्ठ्याला बांधलेल्या चिठ्ठीवर ३२ लिहिलेले होते आणि ते माझ्याच अक्षरात होते. शनिवारी शाळेतून फोन आला होता की त्या चाळीस पँट ३४च्या करा. मी ते कटिंग मास्तरांना तोंडी सांगितले आणि चिठ्ठी बदलायची राहिली. मास्तरांनी बरोबर कापले, अक्कांनी चिठ्ठी बघून बरोबर लेबल लावले. चूक एकटीची होती आणि ती माझी होती.

इथे खरे तर ही नोंद संपायला हवी होती. पण परवा रात्री मी स्वतःचीच कीव करत बसले होते, तेही लिहिते. अकरा वर्षे मी खो-खो शिकवला. पहाटे साडेपाचला पार्क मैदानाकडे निघायचे, फक्कीने रेघा आखायच्या, शिट्टी गळ्यात अडकवायची. मानधन किती मिळते हे घरातही कोणाला सांगवत नसे, पण पाठीत ताठपणा होता. आता अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत जुन्या यंत्रमागाच्या शेडमध्ये सात मशीन आहेत, मुद्रा योजनेतले कर्ज आहे आणि दर महिन्याच्या सात तारखेला माझ्या पोटात गोळा येतो. गणवेशांसाठी सोलापूरचे नाव देशभर घेतले जाते, त्यात आपण फक्त खेळाचे कपडे करू, खेळणाऱ्या मुलीला कुठे शिवण टोचते हे आपल्याला ठाऊक आहे, असा विचार करून मी यात आले. सात घरांच्या चुली माझ्या ऑर्डरवर पेटतात हे लक्षात आले तेव्हा परत फिरायची वेळ निघून गेली होती. माझ्यावर काय ओझे आहे हे कोणी विचारत नाही आणि एक शब्द जरा जोरात गेला तर लगेच मॅडम, असे मी रात्री दीड वाजेपर्यंत मनात म्हणत होते.

मैदानावर मी यापेक्षा कितीतरी जोरात ओरडलेली आहे. सूर मारायला घाबरणाऱ्या मुलींना मी जे बोलले ते इथे लिहिणार नाही. तरी सराव संपला की त्याच मुली पाण्याची बाटली घेऊन माझ्याकडे येत. तिथे भांडणाला मुदत होती. नऊ मिनिटांची पाळी संपली की सगळे संपत असे. नियम मोडला की पंचांची शिट्टी वाजते, पाठलाग करणारीला उलट दिशेने जावे लागते आणि चूक तिथल्या तिथे फिटते. एकमेकींशी बोलत नसलेल्या दोघींना मी मुद्दाम शेजारच्या चौकांत बसवत असे, कारण खो द्यायचा तर पाठीमागे जाऊन मोठ्याने आवाज द्यावाच लागतो, आणि त्या आवाजाशिवाय बसलेली उठू शकत नाही. दोन-चार दिवसांत अबोला सुटत असे. शेडमध्ये पंच नाही. परवा माझा नियमभंग झाला तेव्हा शिट्टी वाजली नाही. फक्त मशीन थांबल्या.

काल मला वाटले की उत्तर सापडले. मुलींची मजुरी माझ्या हातात नव्हती, त्यामुळे माझे ओरडणे त्यांना मायेचे वाटत असे. अक्कांची मजुरी मीच देते, म्हणून तेच ओरडणे धमकी होते. ‘भरून देणार’ हे शब्द तर दुसरे काहीच नव्हते. पण मग संघाच्या बारा जणींच्या यादीतून एकदा मी जिला वगळले होते ती आठवली. तीही तेव्हा ‘बरं’ एवढेच म्हणाली होती. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

अक्का पूर्वी विड्या वळत. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी २००६ मध्ये दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, तिथे त्या राहतात आणि आपले घर दाखवताना आधी उंबरा दाखवतात. मागे एकदा चहा घेताना त्यांनी सांगितले होते की हजार विड्या वळून नेल्या की मोजणारा माणूस मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढी, तेवढे पैसे कापी आणि हे सगळे करताना तोंडाकडे बघत नसे. काय खराब आहे ते विचारायची सोय नव्हती. ‘बरं, साहेब’ म्हणायचे आणि घरी यायचे. हे त्यांनी मला ताई म्हणून सांगितले होते.

आणि तरीही ते दोन शब्द मला नेमके कुठे लागले, हे आज सकाळी शेडकडे येताना उमगले. मंगळवारी मी पँट मोजायला घेतली त्याच्या दहाच मिनिटे आधी एक फोन आला होता. एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे माझे बिल पंचाहत्तर दिवस अडकलेले आहे. उद्यम नोंदणी असलेल्या माझ्यासारख्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदतही फार तर ४५ दिवसांची, द्यावेत. नाही दिले तर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६चा कायदा सांगतो. जिल्हा उद्योग केंद्रातल्या प्रशिक्षणात मी हे वहीत उतरवून घेतले होते आणि खाली दोन रेघाही मारल्या होत्या. फोनवर तो गृहस्थ म्हणाला, ‘पुढच्या महिन्यात बघू, घाई करू नका.’ आणि मी म्हणाले, ‘हो सर, काही हरकत नाही.’ पुढची ऑर्डर जाईल या भीतीने मी मूग गिळून बसले आणि फोन ठेवून पाठ वळवली तेव्हा समोर अक्का होत्या. वड्याचे तेल वांग्यावर निघाले. ‘हो सर, काही हरकत नाही’ म्हणताना माझ्या मनात काय होते हे मला पुरते ठाऊक आहे. म्हणूनच ‘बरं, मॅडम’ म्हणताना अक्कांच्या मनात काय असेल, हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज उरली नाही.

गेल्या पौर्णिमेला सोलापुरात पद्मशाली समाजाच्या मार्कंडेय महामुनींचा रथ होता. घरी पाहुणे असताना अक्का रथाचे दर्शन घेऊन दुपारी दोनला कामावर आल्या होत्या, याच ऑर्डरसाठी. मी तेव्हा आभारही मानले नव्हते.

आज सकाळी मशीन सुरू होण्याआधी मी सगळ्यांना दोन मिनिटे थांबवले. ओरडले होते सगळ्यांसमोर, तेव्हा बोलायचेही सगळ्यांसमोरच, एवढे मैदानावर मी मुलींना शिकवले होते. चिठ्ठी बदलायची मी विसरले, चूक माझी होती, भरून देण्याची भाषा मी करायला नको होती आणि चाळीस लेबले उसवून पुन्हा लावायची मजुरी वेगळी मिळेल, असे मी सांगितले. दर वाक्याला घसा कोरडा पडत होता. अंतिम सामन्याआधीही मला कधी असे झाले नव्हते. अक्का सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी दोरा ओवला, टोक कापले आणि मशीन सुरू केली.

साडेअकराला त्या माझ्या टेबलाशी आल्या. ‘साइज बदलली की जुनी चिठ्ठी फाडायची, नवी लाल पेनानं लिहायची. तोंडी नको. मास्तर एक ऐकतात, आम्ही एक वाचतो.’ एवढे बोलून त्या परत गेल्या. अडीच वर्षांत त्यांनी मला कामाबद्दल काही सुचवल्याचे हे पहिलेच. मी कधी विचारलेही नव्हते.

दुपारी चटणीचा डबा टेबलाच्या मधोमध ठेवलेला होता. माझ्यापुढे सरकवला नाही, पण स्वतःजवळही ओढून घेतला नाही. मी थोडी चटणी घेतली. आज दिवसभरात त्यांनी मला ताई म्हटले नाही आणि मॅडमही म्हटले नाही. नावावाचून जेवढे बोलता येते तेवढे त्या बोलल्या. दोन दिवसांपूर्वी मला याचे वाईट वाटले असते. आज वाटले की तो शब्द त्यांचा आहे, कधी द्यायचा ते त्या ठरवतील, आणि मागितल्याने तो येणार नाही.

त्या गिऱ्हाइकाला पत्र लिहून ठेवले आहे. त्यात कायद्याचे नाव आहे, बिलाची तारीख आहे आणि कुठेही ‘हरकत नाही’ असे लिहिलेले नाही. आवाज न चढवता लिहिता आले, याला तीन कच्चे कागद गेले. उद्या ते स्पीड पोस्टाने जाईल. उरलेल्या सहा गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या मी आत्ताच लाल पेनाने लिहून काढल्या. ३४चा आकडा सगळीकडे जरा मोठाच आला आहे.