पंप बिनचूक, दम तसाच

मावशींच्या मुलानं पिशवी टेबलावर उपडी केली. दम्याचे तीन पंप, स्पेसर, गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या. मावशींनी पंप ओढून दाखवला, अगदी बिनचूक. तरी दम वाढतच चालला होता.

"मावशी, रात्री खोकल्यानं जाग येते? छातीत शिट्टी वाजते?"

"नाही हो. जिना चढले की संपले. परवा जिन्यातच घेरी आली."

छाती तपासली तर फुप्फुसं स्वच्छ, एक्स-रेतही सांगण्यासारखं काही नाही. अशा वेळी मी श्वासनळ्या सोडून रक्तवाहिन्यांकडे वळतो. हृदयाचा दुसरा ठोका जोरात वाजत होता. डाव्या पोटरीवर मोज्याचा खोल वळ, उजवीवर नाही. विचारलं तेव्हा कळलं, दीड वर्षापूर्वी त्याच पायाला प्लास्टर होतं. ऑक्सिमीटर लावून व्हरांड्यात चालवलं. रक्तातला ऑक्सिजन बसल्या जागी ९५ टक्के, दोन फेऱ्यांत ८६.

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, उजवी बाजू फुगलेली. पायातली गुठळी फुप्फुसात गेली की बहुतेकांची विरघळते. थोड्यांची मात्र धमनीच्या आत चिकटून घट्ट होते आणि दाब चढत जातो. जुनी गुठळी सीटीत कधीकधी निसटते, म्हणून फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा व्हीक्यू स्कॅन मागवला. हवा सगळीकडे पोचत होती, रक्त ठिकठिकाणी अडत होतं. तीन महिने रक्त पातळ करूनही चित्र बदललं नाही. कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, आत घालून मोजलेला फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब ४८ मिमी. २० च्या वर गेला की तो जास्तच म्हणायचा.

याला खरा इलाज शस्त्रक्रियेचा, आणि ती मोजक्याच ठिकाणी होते. शरीर २० अंशांपर्यंत थंड करून रक्ताभिसरण एका वेळी साधारण २० मिनिटं पूर्ण थांबवतात आणि गुठळी धमनीच्या अस्तरासकट सोलून काढतात. हे ऐकून मुलाचा चेहरा उतरला. मावशींनी एवढंच विचारलं, "जिना चढता येईल ना?"

सर्जननी काढलेला ऐवज ट्रेमध्ये पाहिला. झाडाच्या फांदीसारखा, फाटे फुटत शेवटी केसाएवढा बारीक झालेला.

आता मावशी दोन मजले न थांबता चढतात. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन मात्र जन्मभर, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर हा आकडा २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा. पालेभाजीनं या औषधाचा जोर कमी होतो, म्हणून शेजारणीनं ती बंद करायला सांगितली होती. म्हटलं, "बंद नका करू, दर आठवड्याला साधारण तेवढीच खा."

"थंडीत मेथी स्वस्त झाल्यावर कोण मोजून खातंय, डॉक्टर?"

मी आयएनआरची पुढची तारीख जरा अलीकडची लिहून दिली.